गणपतीला आतेभाऊ अमेरिकेतून येतोय, पूलची स्टिक कुठली आणायला सांगू?

हापूसबाग (देवगड)

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. पाच वर्षांनी यंदा गणपतीला घरी येतोय. परवा फोनवर म्हणाला, "तुला काय आणू ते सांग, लाजू नको." मी लगेच म्हटलं, पूलची (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) स्टिक आण. तेव्हापासून तो रोज विचारतोय, "कुठल्या कंपनीची?" आणि मला सांगता येत नाहीये.

आमची आंब्याची बाग आहे. मेअखेर शेवटची पेटी गेली की दिवाळीपर्यंत संध्याकाळ आपली असते. कणकवलीला एका पार्लरमध्ये आठ फुटी दोन टेबलं आहेत, तिथे आठवड्यातून तीनदा मोटरसायकलने जातो. एट बॉल जास्त, जोडीदार मिळाला तर नाइन बॉल. सहा वर्षं झाली, अजून क्लबच्याच काठ्यांवर खेळतोय. त्यातली एक माझ्या हातात बसलेली होती, बुडाला हिरवी टेप गुंडाळलेली. मार्चमध्ये तिची टिप (टोकाची चामडी चकती) उडाली. नवी बसवली ती एका बाजूला कललेली बसली, आणि तेव्हापासून उजवी साइड दिली (पांढरा बॉल मधोमध न मारता उजवीकडे मारला) की पांढरा कुठे जाईल याचा भरवसा नाही.

मुंबईत एका मित्राच्या प्रिडेटर कंपनीच्या स्टिकवर अर्धा तास खेळलो. साइड देऊनही लांबचे शॉट सरळ जात होते, हे मान्य. पण हाताला काही कळतच नव्हतं. त्या हिरव्या टेपच्या काठीवर 'टक्' व्हायचं आणि बोटांना लगेच समजायचं की मारा मधोमध बसला की सटकला. इथे नुसतं 'ठप'. हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना.

माझे तीस हजार तयार आहेत, भाऊ वर थोडे घालतो म्हणतो. नावं मी वहीत लिहून काढलीत: प्रिडेटर, मॅकडर्मट, मेझ, म्यूची, जॉस, शॉन, क्यूटेक. ज्यांनी यातल्या स्वतः हाताळल्या आहेत त्यांनी सांगा. हाताला कशी लागते, काम कसं आहे, खेळायला कशी आहे. आणि एक खास आपल्याकडचा प्रश्न. आमच्या घरी आषाढात कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. अशा हवेत लाकडी स्टिक टिकेल का?


ब्रेकअँडरन (पनवेल)

डोळे मिटून कार्बन फायबरचा शाफ्ट (स्टिकचा पुढचा अर्धा भाग) घे. प्रिडेटरचा रेवो नाहीतर क्यूटेकचा सिनर्जी. माझ्या सिनर्जीने दोन पावसाळे काढलेत, केसभरही वाकलेला नाही. कार्बन पाणीच पीत नाही तर वाकेल कशाला? खेळून झालं की अल्कोहोलच्या वाइपने पुसायचा, संपलं. आमच्याकडे लाकडाच्या शाफ्टवाल्यांची जून ते सप्टेंबर नुसती घासघाशी चालते, हात चिकटतो म्हणून.

ती 'ठप' पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. अमेरिकेचा नामवंत खेळाडू शेन व्हॅन बोनिंग इतकी वर्षं क्यूटेकवर खेळतोय, त्याला हाताला कळत नसेल का? तुझं बजेट सगळं शाफ्टवर घाल, मागचा दांडा कुठलाही चालेल.


तिसरा_इंजिनिअर (रत्नागिरी)

त्या 'टक्' आणि 'ठप' पासूनच सुरुवात करतो, कारण ब्रँडवरून जी भांडणं होतात ती बहुतेक तिथलीच असतात.

मी बावीस वर्षं बोटीवर काढली, आता घरी असतो. पूल शिकलो तो आमच्या फिलिपिनो बोसनकडून (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), बंदराबंदरांतल्या सीमेन्स क्लबात. १९९९ ला कार्डिफमध्ये फिलिपिन्सच्याच एफ्रेन रेयेसने नाइन बॉलचं जागतिक विजेतेपद घेतलं, तेव्हा हा बोसन आठवडाभर मेसमध्ये दुसरं काही बोलत नव्हता. त्याने मला पहिल्या दिवशी क्लबच्या सहा काठ्या एकामागून एक दिल्या आणि डोळे मिटून एकच सरळ शॉट मारायला लावला. मग विचारलं, यातल्या दोन एकाच कारखान्याच्या आहेत, कुठल्या? मला सांगता आलं नाही. त्यालाही आलं नसतं, असं तो स्वतःच म्हणाला. दोन्हीच्या टिपा वेगळ्या होत्या.

टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ साधारण सेकंदाचा हजारावा भाग. तुझ्या बोटांपर्यंत काही पोहोचायच्या आत पांढरा निघून गेलेला असतो. म्हणजे हाताला जे लागतं ती मागे दांड्यात उरलेली थरथर, आणि कानाला ऐकू येतो तो आवाज. त्या थरथरीने तो शॉट बदलत नाही. पण पुढचा बदलतो, कारण मारा मधोमध बसला की नाही हे तुला त्यावरूनच कळतं. तेव्हा पनवेलकरांचं अर्धं पटतं, अर्धं नाही. 'ठप' ची सवय होते हे खरं. पण सहा वर्षं ज्या बातमीवर खेळ उभा केलास ती एकदम बंद झाली तर वर्षभर चाचपडशील.

आता ही थरथर येते कुठून? सगळ्यात जास्त टिपेतून, मग फेरूल (टिपेखालचं कडं), मग शाफ्टचा पुढचा हातभर भाग, आणि शेवटी जॉइंट, म्हणजे शाफ्ट आणि मागचा दांडा जिथे जुळतात ती जागा. मागच्या दांड्यावरची नक्षी, शिंपला, रेशमी पॉलिश यांचा त्यात वाटा जवळजवळ नाही.

माझ्या हाताखालून गेलेल्या सांगतो.

म्यूची मी ह्यूस्टनला एका गहाणवटीच्या दुकानातून घेतली होती. मिसिसिपीच्या बॉब म्यूचीची काठी. लवचीक शाफ्ट, मऊ मारा. स्क्रू (पांढरा मागे यावा असा खालचा मारा) मारताना असं वाटतं की काठी पांढऱ्याला धरून मागे ओढून आणतेय. फार गोड खेळते. पण लांबच्या शॉटला साइड दिली की तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि तो हिशेब जमायला मला चार महिने लागले. ती मी शेवटी बोसनला दिली, त्याचा जीव तिच्यावर जडला होता.

जॉस घेतली बाल्टिमोरला. बोट कोळसा भरायला लागली होती आणि जॉस तिथलीच. डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड या दोघांनी १९६८ मध्ये तिथे सुरू केलेलं काम. स्टीलचा जॉइंट, त्यात शाफ्टची कड पितळी बुशासह आत घट्ट बसते, आयरिश लिननचा दोरा गुंडाळलेली मूठ. हिचा मारा कडक आणि बातमी स्पष्ट. तू ज्याला 'टक्' म्हणतोस तेच, जरा धातूच्या अंगाने. शॉन पण याच घराण्यातली, स्टीलचा जॉइंट, तसाच खणखणीत मारा, आणि फिनिश माझ्या मते जॉसपेक्षा एक पायरी वर. मला दोन्हींत निवडायला सांगितलं तर जी सरळ असेल ती घेईन.

मॅकडर्मट विस्कॉन्सिनची, १९७५ पासूनची. त्यांचा जॉइंट लाकडाला लाकूड भिडणारा, मध्ये जाड पिन. आवाज जरा खोल, लाकडी. वाकण्यासकट आजीवन हमी देतात, ती ऐकून माणसं हुरळतात. पण देवगडहून विस्कॉन्सिनला काठी पाठवायची आणि परत आणायची, हा विचार आधी कर. काम मात्र प्रामाणिक असतं. साध्यातली साधी मॅकडर्मट घेतलीस तरी जोड नखाला लागत नाहीत.

मेझ जपानी. योकोहामाला एका क्लबात संध्याकाळभर एकाची खेळलो, स्वतःची कधी घेतली नाही. जॉइंट पिळताना शेवटचा अर्धा वेढा इतका गुळगुळीत बसतो की मुद्दाम दोनदा उघडून बंद केला. मशीनवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या थ्रेडचं कौतुक जास्त वाटतं, हे कबूल. मारा नेमका, आवाज कमी, पण प्रिडेटरसारखा मुका नाही.

प्रिडेटर म्हणजे मुळात शाफ्ट. १९९४ पासून त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: शाफ्टचं पुढचं टोक हलकं करायचं. लाकडाच्या पाचरीसारख्या पट्ट्या गोल जोडायच्या आणि टोकाला आतून पोकळी ठेवायची. उजवी साइड मारलीस की पांढरा थोडा डावीकडे सरकून निघतो, हे तुला ठाऊकच आहे. तो किती सरकेल हे टोकाच्या वजनावर ठरतं. टोक हलकं असलं तर ते बॉलच्या वाटेतून स्वतः बाजूला होतं, जड असलं तर बॉलला ढकलतं. मागचा दांडा जॉसचा असो की बाभळीचा, त्याचा इथे संबंध येत नाही. त्या टोकाच्या पोकळीमुळेच आवाज 'ठप' येतो. म्हणजे तुला जे आवडलं आणि जे आवडलं नाही ते दोन्ही एकाच पोकळीतून आलंय.

आता आपल्या हवेचं. पावसाळ्यात टेबलाचं कापड दमट होतं, बॉल जड चालतात. साइड दिलेला पांढरा आधी बाहेर सरकतो आणि मग कापडाला धरून आत वळतो. सुक्या, वेगवान कापडावर हे वळणं उशिरा होतं. आपल्या ओल्या कापडावर ते लवकर होतं. लो डिफ्लेक्शन शाफ्ट (प्रिडेटरसारखा हलक्या टोकाचा) असेल तर बाहेर सरकणं कमी आणि आत वळणं तेवढंच, म्हणून हळू शॉटला बॉल जाड (ठरवल्यापेक्षा जास्त मधोमध) किंवा बारीक लागायला लागतात. माझं हे दर जुलैला होतं आणि दर जुलैला पहिले चार दिवस त्यात जातात. अखंड मेपल लाकडाच्या शाफ्टवर दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच खातात. हे अमेरिकेतल्या गालिच्याच्या, एसीच्या हॉलमध्ये बनवलेल्या व्हिडिओत तुला कोणी सांगणार नाही.

आज मी जॉसच्या दांड्यावर प्रिडेटरचा ३१४ शाफ्ट लावून खेळतो, आणि जॉसचा मूळ मेपल शाफ्ट शेजारी ठेवतो. दोन्ही एकाच पिनला बसतात. शाफ्ट वेगळा मागवताना पिन आणि थ्रेड जुळतो का हे आधी बघायचं, नाहीतर दोन चांगल्या वस्तू घरी येतात आणि एकमेकींत जात नाहीत.

काठी तपासायची कशी ते सांगतो, कारण ब्रँडपेक्षा हे महत्त्वाचं. नवीन असली तरी तपासायची. शाफ्ट एकटा टेबलावर ठेवायचा, पलीकडे ट्यूबलाइट हवी. डोळा कापडाच्या पातळीला आणायचा आणि शाफ्ट तळहाताने हळू लोटायचा. खाली उजेडाची जी बारीक फट दिसते ती फिरताना उघडमीट करायला लागली तर शाफ्ट वाकलेला आहे. फट स्थिर राहिली तर सरळ. मग दांडा एकटा लोटायचा. मग दोन्ही जोडून. एकेकटे सरळ आणि जोडल्यावर डुलत असतील तर जॉइंटचं तोंड काटकोनात कापलेलं नाही, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

मग शाफ्टचे रेषे बघ. जॉइंटपासून टिपेपर्यंत सलग गेले पाहिजेत, मध्येच कडेला पळून जाता कामा नयेत. पळालेला रेषा जिथे बाहेर पडतो तिथून पुढे लाकूड वाकतं. फेरूल आणि लाकूड मिळतात तिथे डोळे मिटून नख फिरव, कुठे अडकता कामा नये. पुढच्या मुठीवर जे भाले (भाल्यासारखी टोकदार नक्षी) असतात त्यांची टोकं बघ. लाकडात लाकूड पाचर मारून बसवलेलं असेल तर टोक सुईसारखं अणकुचीदार येतं. मशीनने खाच कोरून भरलेलं असेल तर टोक किंचित गोल राहतं. नुसतं चित्र चिकटवलेलं असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. यातलं काहीही खेळ बिघडवत नाही, पण पैसे कशाचे देतोयस ते कळतं.

तुझ्या त्या हिरव्या टेपच्या काठीबद्दल. जॉर्ज बालाबुश्का म्हणून एक कारागीर होता, रशियात जन्मलेला, न्यूयॉर्कला १९५९ पासून १९७५ ला वारेपर्यंत क्यू (म्हणजे या काठ्या) करायचा. आज त्याच्या काठ्या जपून ठेवल्या जातात. तो सुरुवातीला ब्रन्सविकच्या क्लबमधल्या काठ्या कापून त्यांच्यातूनच क्यू बनवायचा, कारण लाकूड चांगलं आणि वाळलेलं असायचं. क्लबच्या काठीत तुला काही सापडलं असेल तर ते खरंच तिथे असेल. पार्लरवाल्याला विचार, ती विकतो का. टिप नीट बसवली की ती परत खेळेल.

स्नूकरची स्टिक घे असं कोणी सांगितलं तर ऐकू नको. नऊ-साडेनऊ मिलिमीटरची टिप आणि पितळी फेरूल ५२.५ मिलिमीटरच्या हलक्या बॉलसाठी असतं. पूलचा बॉल ५७.१५ चा आणि जड.


चितारआळी (सावंतवाडी)

माका पूलातला कायएक कळना नाय, पण लाकडातला कळता. आमच्या घरात तीन पिढ्यो लेथ. खेळण्यांका आमी पांगारो वापरू, हलको आणि मऊ. तुमचा मेपल मी कधी हातात घेतलंय नाय.

एक गोष्ट सांगतंय. सरळ दिसणारा लाकूड कातलास, वरची साल-कातडी गेली, की आतलो ताण सुटता आणि लाकूड आपल्या मनान फिरता. म्हणान आमी एकदम बारीक कातणव नाय. जाड कातूचा, ठेवूचा, परत कातूचा. जो घायघायत एका दिवसात बारीक करता तेचो दांडो पयल्या पावसात वाकडो झालोच. त्या कंपन्या असाच करतत काय?


तिसरा_इंजिनिअर (रत्नागिरी)

हो, अगदी तसंच. चांगला क्यू बनवणारा शाफ्ट सहा-सात वेळा थोडा थोडा कातून मध्ये महिनोन् महिने टांगून ठेवतो. त्या थांबण्याचे पैसे असतात. ब्रँडचं नाव म्हणजे खरं तर हा थांबण्याचा विश्वास. बाकी मेपल सगळे त्याच थंड प्रदेशातून आणतात.

आणि पाचरींच्या शाफ्टचा आपल्याला फायदा इथेच. एका अखंड लाकडात एकीकडचे रेषे ओल जास्त घेतात, दुसरीकडचे कमी, मग ते वाकतं. पाचरी गोल जोडलेल्या असल्या की प्रत्येकीची ओढ वेगळ्या दिशेला आणि शाफ्ट मधोमध राहतो. न वाकण्याची खात्री नाही, पण शक्यता बरीच कमी.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ओलीबद्दल माझा अनुभव. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या पार्लरमध्ये पाणी छताला टेकलं होतं. टेबलं गेली ती गेली. चिखलातून अकरा काठ्या निघाल्या. चार घाईने उन्हात उभ्या केल्या, त्या संध्याकाळपर्यंत धनुष्य झाल्या. उरलेल्या सात एका जाणत्या माणसाने पुसून आडव्या ठेवल्या, सावलीत, सुतळीवर, दर दोन दिवसांनी फिरवत. दीड महिन्याने त्यातल्या तीन सरळ होत्या. आजही आहेत. त्यांच्यावर कुठल्या कंपनीचं नावसुद्धा नाही.


हापूसबाग (देवगड)

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं मी तीनदा वाचलं. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पावसाळ्यात ठेवायची कशी? आईने कपाटात बल्ब लावलाय, तिथे चालेल का? आणि वजन किती सांगू?


तिसरा_इंजिनिअर (रत्नागिरी)

बल्बच्या कपाटात नको. बल्ब एका बाजूने तापवतो आणि लाकूड त्याच बाजूला ओढलं जातं. माझी पहिली काठी मी पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवायचो. भिंत बाहेरून पाऊस पीत होती. ऑगस्टात काढली तर वरचा तिसरा हिस्सा भिंतीकडे झुकलेला. मी तिला गॅलरीत आडवी टांगली, मधोमध वजन बांधलं, नाना उपाय केले. पंधरा दिवस सरळ राहायची आणि परत. अजून वाईट वाटतं, फार सुंदर खेळायची ती.

आता मी असं करतो. कडक नळीचा केस, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि केस घराच्या मधल्या खोलीत पलंगाखाली आडवा. दर रविवारी पुड्या तव्यावर मंद गरम करून परत आत. खेळून आल्यावर शाफ्ट सुक्या सुती फडक्याने खालीवर पुसायचा, फडकं कोमट लागेपर्यंत. हात चिकटतो म्हणून सँडपेपर लावतात ते कधीच करू नको. दर पावसाळ्यात केसभर घासलंस तरी पाच वर्षांत तेरा मिलिमीटरचा शाफ्ट बारीक होतो आणि मारा बदलतो. चामड्याच्या तुकड्याने जोरात घास, रेषे बसतात. चॉक घट्ट झाकणाच्या डब्यात. जॉइंटमध्ये पितळ असेल तर खाऱ्या हवेने कळंकतं, महिन्यातून एकदा सुक्या कपड्याने थ्रेड पूस. तेल नको, ते लाकडात उतरतं.

वजन १९ औंस सांग, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. लांबी ५८ इंच. बहुतेकांच्या बुडात वजनाचा बोल्ट असतो, पुढे कमीजास्त करता येतं, त्यामुळे यावर झोप घालवू नको.

आणि भावाला फोनवर सांगायला माझं मत थोडक्यात देतो. त्याला सांग, बिननक्षीची जॉस, शॉन किंवा मॅकडर्मट बघ, वापरलेली चालेल. न्यू जर्सीत पूलचे हॉल आहेत, तिथे खेळणारे आपल्या काठ्या विकत असतात. टेबलावर लोटून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पैसे उरले तर पुढच्या वर्षी त्याच पिनचा लो डिफ्लेक्शन शाफ्ट. विमानात काठी केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत कडक केससह, कपड्यांच्या मध्ये.


ब्रेकअँडरन (पनवेल)

काकांचं ओल्या कापडाचं मला कधी सुचलं नव्हतं. काल रात्री मुद्दाम हळू शॉट मारून बघितले. उजव्या साइडला दहातले सहा जाड लागले. मी आजवर याचा दोष माझ्या हाताला देत होतो. कार्बन सोडणार नाही, पण पावसात नेम बदलून बघतो.


हापूसबाग (देवगड)

मंडळी, झालं काम.

भाऊ शनिवारी रात्री नऊला त्याच्या गावच्या हॉलमध्ये गेला, इथे आमचे सकाळचे साडेसहा. व्हिडिओ कॉल लावला. हॉलच्या मालकाकडे वापरलेल्या पाच होत्या. मी फोन आईच्या फळीवर टेकवून बसलो, बाहेर पाऊस धो धो, आवाज ऐकू येईना. भावाने मोबाइल टेबलाच्या कडेला आडवा धरला आणि एकेक शाफ्ट लोटला. पहिल्याची फट उघडत-मिटत होती, मला इथून दिसलं. दुसरा दिसायला सगळ्यात देखणा, आठ भाले, शिंपल्याचे ठिपके. एकटा सरळ, जोडल्यावर डुलला. भावाला तोच आवडला होता, त्याला दोनदा लोटायला लावून दाखवला.

चौथी काळ्या दांड्याची जॉस. नक्षी काही नाही, लिनन थोडा मळलेला, बुडाजवळ एक टवका. शाफ्ट लोटला आणि खालची उजेडाची रेघ जागची हलली नाही. दांडाही तसाच, जोडूनही. रेषे दाखवायला सांगितले तर भाऊ म्हणाला, "अरे, वरपासून खालपर्यंत आखल्यासारखे आहेत." १९ औंसला अर्धा औंस कमी. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा पूलचा शॉट मारला, माझ्यासाठी, फोन जवळ धरून. 'टक्'.

माझ्या बजेटच्या आत बसली. टिप मात्र पसरलेली आहे, छत्रीसारखी कडेने बाहेर आलीय. ती बदलावी लागेल. इथे परत कोणाच्या हातात द्यायची हिंमत होत नाही. काका, तुम्ही टिप बसवता का? चतुर्थीनंतर मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला येऊ शकतो. हिरव्या टेपवालीही आणतो, पार्लरवाल्याने पाचशेला दिली.


तिसरा_इंजिनिअर (रत्नागिरी)

ये. विसर्जनानंतरच ये, त्याआधी माझ्याकडे पाहुणे आहेत. दोन्हींना लेअरची (चामड्याचे थर चिकटवलेली) मीडियम टिप लावू, कामुई कंपनीची आहे माझ्याकडे. फेरूलचं तोंड आधी सपाट करावं लागतं, तुझी मागची टिप त्यामुळेच कललेली बसली असणार. मग एक रुपयाच्या नाण्याच्या गोलाईने आकार देऊ. तू स्वतः देशील, मी शेजारी बसेन, म्हणजे पुढच्या वेळी कोणाकडे जावं लागणार नाही.

तोवर जॉसच्या टिपेला हात लावू नको. आणि काठी विमानातून आल्यावर लगेच केस उघडू नको, एक दिवस बंदच मधल्या खोलीत राहू दे.